शेवटच्या नळाची किंमत

नळयोजना पुरी होते, फीत कापली जाते, आणि तरी गावाच्या टोकाच्या वस्तीला पाणी चढत नाही. तालुक्याच्या आमसभेत ही तक्रार वर्षानुवर्षे ऐकू येते. मग बोट दाखवले जाते ते वॉल्व्ह सोडणाऱ्याकडे, ठेकेदाराकडे, विजेच्या लपंडावाकडे, नाहीतर वरच्या आळीतल्या मोटारींकडे. ही कारणे बरेचदा खरीही असतात. पण कित्येकदा त्या वस्तीचे पाणी चारी खणण्याच्याही आधी कमी झालेले असते. कुठल्या गल्लीतून किती मिलिमीटर व्यासाचा पाइप न्यायचा हे कागदावर ठरते, तेव्हाच.

हा कागद आता संगणकावर तयार होतो. आपल्याकडच्या सल्लागार कंपन्यांना परिचित असलेल्या वॉटरजेम्स या सॉफ्टवेअरमध्ये व्यास निवडून देणारी एक सोयच आहे, तिचे नाव ‘डार्विन डिझायनर’. नावात डार्विन आला तो उगाच नाही. या सोयीच्या पोटात उत्क्रांतीच्या तत्त्वावर चालणारा अल्गोरिदम आहे. पाण्याची जाळी, पुलांच्या कैच्या, विमानाचे पंख, धरणांचे दरवाजे कधी उघडायचे याचे वेळापत्रक, अशा असंख्य किचकट प्रश्नांवर ही पद्धत आज जगभर वापरली जाते. ती वापरलीच पाहिजे, असे माझे मत आहे. पण त्या अल्गोरिदमला नेमके काय शोधायला सांगितले, हा प्रश्न आज एखाद्या डिझाइन इंजिनिअरच्या लॅपटॉपमध्ये गुपचूप सुटतो, आणि तो तिथे सुटता कामा नये. सार्वजनिक पैशातून होणाऱ्या कामात तो निर्णय सार्वजनिकच असला पाहिजे. या लेखाचा सगळा रोख तेवढ्याच गोष्टीवर आहे.

आधी या पद्धतीबद्दल, कारण तिची ताकद कळल्याशिवाय तिचा धोका कळत नाही.

१९६० च्या दशकात बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठात इंगो रेचेनबर्ग आणि हान्स-पाउल श्वेफेल हे विद्यार्थी वाऱ्याच्या बोगद्यात प्रयोग करत होते. बिजागऱ्यांनी जोडलेल्या पट्ट्यांची एक वेडीवाकडी फळी घ्यायची, सांध्यांचे कोन यदृच्छेने थोडे बदलायचे, वाऱ्याचा अडथळा कमी झाला तर बदल ठेवायचा, वाढला तर सोडून द्यायचा. असे करत करत फळी आपोआप सपाट झाली. उत्तर आधीच माहीत होते. पण गणिताचे एकही समीकरण न सोडवता, फक्त बदल आणि निवड एवढ्यावर तिथवर पोचता येते, हे या प्रयोगाने दाखवले. पुढे अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात जॉन हॉलंड यांनी १९७५ साली जनुकीय अल्गोरिदमची सैद्धांतिक मांडणी केली. त्यांचे विद्यार्थी डेव्हिड गोल्डबर्ग स्थापत्य अभियांत्रिकीतून आलेले होते, आणि १९८३ च्या त्यांच्या प्रबंधाचा विषय होता वायूच्या पाइपलाइनचे संचालन. म्हणजे पाइप आणि उत्क्रांती यांची गाठ पहिल्यापासूनची आहे.

पाण्याच्या जाळ्यात हे काम असे चालते. प्रत्येक पाइपसाठी बाजारात मिळणारे ठरावीक व्यास असतात: ८०, १००, १५०, २०० मिलिमीटर, वगैरे. सगळ्या पाइपांचे व्यास एका ओळीत लिहिले की झाला एक आराखडा. असे शे-दोनशे आराखडे यदृच्छेने बनवायचे. प्रत्येकाचा खर्च काढायचा आणि पाण्याच्या जाळ्याचे गणित करणाऱ्या एपानेटसारख्या संगणक प्रणालीत घालून कुठल्या ठिकाणी किती दाब राहतो ते तपासायचे. जे आराखडे स्वस्त आणि पुरेशा दाबाचे, त्यांना पुढच्या पिढीत जास्त जागा. दोन चांगल्या आराखड्यांचे तुकडे एकमेकांत मिसळायचे, अधूनमधून एखादा व्यास सहज बदलून पाहायचा. शेकडो पिढ्यांनंतर जे उरते ते सहसा अनुभवी माणसाच्या आराखड्यापेक्षा स्वस्त असते.

किती स्वस्त, याचे एक जुने उदाहरण या क्षेत्रातल्या प्रत्येकाला पाठ आहे. न्यूयॉर्क शहराला पाणी देणाऱ्या बोगद्यांचा एक नमुना प्रश्न १९६९ साली शाके आणि लाई यांनी मांडला. २१ बोगदे आहेत, काही ठिकाणी दाब कमी पडतो, तेव्हा कुठल्या बोगद्याला समांतर नवा पाइप टाकायचा आणि किती व्यासाचा? प्रत्येक ठिकाणी १६ पर्याय, त्यांतला एक ‘काहीच टाकू नका’ हा. एकूण शक्यता १६ चा २१ वा घात, म्हणजे १ वर २५ शून्ये दिल्यावर जी संख्या होते तिच्या जवळपास दुप्पट. सेकंदाला हजार आराखडे तपासले तरी विश्वाच्या आजवरच्या वयाच्या ४०,००० पटींहून जास्त काळ लागेल. १९६९ चे उत्तर होते सुमारे ७.८ कोटी डॉलर. १९९६ साली ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेड विद्यापीठातल्या डँडी, सिम्प्सन आणि मर्फी यांनी सुधारित जनुकीय अल्गोरिदम लावून ३.८८ कोटी डॉलरचे उत्तर काढले. २१ पैकी फक्त ६ ठिकाणी पाइप टाकून. निम्मा खर्च वाचला.

हे उदाहरण वर्गात सांगितले की विद्यार्थी खूश होतात. मात्र त्याचा पुढचा भाग फारसा सांगितला जात नाही, आणि मला तोच महत्त्वाचा वाटतो. १९९७ साली इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठाच्या सॅविच आणि वॉल्टर्स यांनी हाच प्रश्न पुन्हा सोडवला. पाइपमधून वाहताना पाण्याचा दाब किती घटतो हे काढायला हेझन-विल्यम्स नावाचे सूत्र वापरतात. ते प्रयोगांवरून बसवलेले सूत्र आहे, आणि एककांचे रूपांतर करताना त्याच्या सुरुवातीचा स्थिरांक वेगवेगळ्या संशोधकांनी थोडा वेगवेगळा धरला होता. सॅविच आणि वॉल्टर्स यांनी दोन्ही टोके घेतली. स्थिरांक १०.५०८८ धरला तर सर्वोत्तम उत्तर आले ३.७१३ कोटी डॉलर. १०.९०३१ धरला तर ४.०४२ कोटी. स्थिरांकातला फरक ४ टक्क्यांच्याही आत, आणि ‘सर्वोत्तम’ खर्चात सुमारे ९ टक्क्यांचा.

असे का होते? कारण कमीत कमी खर्च शोधायला सांगितलेला अल्गोरिदम अटीच्या अगदी काठावर जाऊन उभा राहतो. एखाद्या ठिकाणी किमान दाब अमुक हवा असे सांगितले की तो अमुकच देतो, त्यावर तसूभरही नाही. जास्तीचा प्रत्येक मीटर दाब (नळाशी पाणी किती मीटर उंच चढू शकेल यावरून दाब मोजतात) म्हणजे वाया गेलेला पैसा, असेच त्याला शिकवलेले असते. म्हणून सूत्र थोडे हलले की स्वस्त आराखड्यात शेवटच्या ठिकाणांचा दाब अटीखाली जातो. स्वस्त उत्तर चुकीचे नसते. ते दिलेल्या गृहीतकांना अगदी घट्ट बेतलेले असते, एवढेच.

आता हे आपल्या गावात आणून पाहू. सीपीएचईईओ या केंद्र सरकारच्या सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संस्थेच्या १९९९ च्या मार्गदर्शिकेत एकमजली वस्तीसाठी किमान ७ मीटर दाब सांगितला होता. समजा एका गावाची उंच टाकी गावठाणाजवळ आहे आणि दोन-अडीच किलोमीटरवर, किंचित चढावर, चाळीस घरांची एक वस्ती आहे. संगणकाने काढलेल्या स्वस्त आराखड्यात टाकीजवळच्या नळाला मिळतो १५ मीटर दाब आणि वस्तीला ७.०२. दोघेही ‘पास’. तांत्रिक मान्यतेच्या टिपणीत दोघांपुढे एकच खूण पडते. पण लोकसंख्येचा अंदाज थोडा चुकला, पाइपाच्या आतून गंज किंवा क्षार धरला, टाकीत पाण्याची पातळी अर्धा मीटर खाली राहिली, वाटेत चार अनधिकृत जोडण्या झाल्या, तर काय होईल? १५ मीटरवाल्याचे १३ होतील आणि त्याला पत्ताही लागणार नाही. ७.०२ वाल्याचे ५ होतील, आणि पाण्याला जोर नाही म्हणून बायका परत विहिरीवर जातील. आपले प्रत्येक गृहीतक थोडेफार चुकणारच, आणि त्या प्रत्येक चुकीची किंमत टोकाची वस्ती भरणार.

जुने अभियंते आडाख्याने काम करत. शंका आली की एक व्यास वर चढवत, ‘असू दे, पुढे लागेल’ म्हणत. त्यातून खर्च वाढायचा हे खरेच, आणि सगळीकडे सारखी काळजी घेतली जायची असेही नाही. पण त्या ढिलाईत टोकाच्या वस्तीचा विमा दडलेला होता. तो कुणी विचारपूर्वक उतरवला नव्हता, म्हणून त्याची कुठेच नोंद नव्हती. अल्गोरिदमने ढिलाई काढून टाकली तेव्हा हा विमाही गेला, आणि जाताना त्याचीही नोंद झाली नाही. बचत मात्र अंदाजपत्रकात पहिल्या पानावर दिसते. दरडोई खर्चाच्या निकषात योजना बसवायची असते तेव्हा ती बचत सगळ्यांना हवीच असते.

अल्गोरिदमच्या आत आणखी एक जागा आहे, तिच्याकडे मला विशेष लक्ष वेधायचे आहे. आराखड्यात कुठे दाब कमी पडला तर त्याला दंड लावला जातो. खर्चात एक काल्पनिक रक्कम मिळवली जाते, म्हणजे तसा आराखडा मागे पडावा. हा दंड किती? समजा दर मीटर तुटीला ५० हजार रुपये. वस्तीचा दाब ०.८ मीटरने कमी पडतो, तर दंड ४० हजार. आणि ती तूट भरून काढायला पाइप ८० चा १०० करायचा तर समजा ३ लाख लागतात. अल्गोरिदम हिशेब करतो आणि वस्तीला तुटीतच ठेवतो, कारण त्याच्या दृष्टीने तेच स्वस्त. दंड मीटरला ५ लाख केला की तुटीची किंमत ४ लाख होते आणि तोच अल्गोरिदम मुकाट १०० चा पाइप टाकतो. त्या एका आकड्यात चाळीस घरांच्या पाण्याची किंमत लिहिलेली आहे. हा आकडा बहुतेक वेळा ‘अल्गोरिदम नीट चालावा’ एवढ्याच हेतूने, चाचपडत ठरवला जातो.

कुणी म्हणेल, काळजीपूर्वक काम करणारा माणूस दंड इतका वाढवतो की शेवटी एकही ठिकाण तुटीत राहत नाही. बरोबर आहे, आणि चांगले लोक तसेच करतात. पण तुटीची बेरीज कशी करायची, हा प्रश्न तरीही उरतो. सगळ्या ठिकाणच्या तुटी एकत्र मोजायच्या, की सर्वांत वाईट ठिकाणची तूटच बघायची? मागणीनुसार वजन द्यायचे, की प्रत्येक वस्ती सारखी मानायची? मागणीनुसार वजन दिले की चारशे घरांच्या गावठाणापुढे चाळीस घरांची वस्ती दहावा हिस्सा उरते. गणिताच्या पुस्तकात हे पर्याय एकाखाली एक निर्विकारपणे छापलेले असतात. प्रत्यक्षात त्यांतला प्रत्येक पर्याय म्हणजे गावात कोणाला किती मोजायचे याचा निवाडा असतो. आणि आपल्या गावांत टोकाच्या वाड्या-वस्त्या कोणाच्या असतात, हे महाराष्ट्रात राहणाऱ्या कुणाला सांगायला नको.

या पद्धतीचा स्वभावच असा आहे की सांगितलेले ती चोख करते आणि न सांगितलेल्या प्रत्येक गोष्टीचा फायदा उठवते. १९९६ च्या सुमारास ससेक्स विद्यापीठात एड्रियन थॉम्प्सन यांनी एका चिपवरचे सर्किट उत्क्रांतीने घडवले. काम साधे होते, १ किलोहर्ट्झ आणि १० किलोहर्ट्झचे स्वर वेगळे ओळखायचे. घड्याळाचा सिग्नल दिलेला नव्हता, जागा फक्त १०० घटकांची. सर्किट काम करू लागले. पण त्यात असे काही घटक निघाले, जे बाकी सर्किटला जोडलेलेच नव्हते आणि तरी ते काढले की काम बिघडत होते. त्या विशिष्ट चिपच्या भौतिक गुणांचा आधार उत्क्रांतीने घेतला होता. तेच सर्किट दुसऱ्या चिपवर घातले किंवा तापमान फार बदलले की ते डळमळत असे. ‘कुठल्याही चिपवर, कुठल्याही हवेत चालले पाहिजे’ असे त्याला कुणी सांगितलेच नव्हते.

पाण्याच्या जाळ्यात ही न सांगितलेली गोष्ट म्हणजे पाणी रोज तास-दोन तासच येते. आराखडा काढताना बहुतेक वेळा चोवीस तास पुरवठा धरलेला असतो, त्याला कमाल मागणीचा एक गुणक लावलेला असतो. प्रत्यक्षात पाणी सुटले की सगळे नळ एकदम उघडतात, टाकीजवळच्या भागातली भांडी, टाक्या, हौद भरेपर्यंत टोकाला काही पोचत नाही. त्यातही एपानेटची जुनी आवृत्ती मागणी पूर्ण झालीच असे धरून चालायची. दाब शून्याखाली गेला तरी नळाला पूर्ण पाणी दिल्याचे दाखवायची. दाबाप्रमाणे पाणी कमी-जास्त होते हे मोजण्याची सोय २०२० च्या २.२ आवृत्तीत आली. चोवीस तासांचे गणित चोवीस तासांच्या पुरवठ्यालाच लागू पडते. कराडजवळच्या मलकापूरसारख्या ठिकाणी चोवीस तास पाणी देऊन दाखवले गेले आहे, तिथे या गणिताला अर्थ आहे. जिथे तसा पुरवठा देण्याची तयारी नाही तिथे त्याच गणितावर बेतलेला सर्वांत स्वस्त आराखडा टोकाच्या वस्तीला फसवणारच.

जाळ्यातल्या फेऱ्यांची, म्हणजे बंद वळशांची, तीच कथा. वितरणाच्या जाळ्यात दोन वाटांनी पाणी येईल अशी जोडणी असली तर एक वाहिनी फुटली तरी दुसरीकडून थोडे का होईना पाणी मिळते. फक्त खर्च कमी करायला सांगितला की अल्गोरिदम हे दुवे किमान व्यासावर आणतो, परवानगी असेल तर काढूनच टाकतो. वाहिनी फुटते ही गोष्ट त्याच्या जगात नाही. इटलीचे एझिओ तोदिनी यांनी २००० साली जाळ्याची लवचिकता मोजणारा एक निर्देशांक सुचवला तो याच अडचणीतून. सूत्र तयार आहे आणि गणित जुने आहे. ते वापरायला सांगणारे कुणी हवे.

इथे एक विषयांतर करतो, कारण ते फार विषयांतर नाही. आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत या विषयावर भरपूर संशोधन होते. त्यातले बरेच ‘नवीन अल्गोरिदम’ शोधण्यात जाते: लांडगे, वटवाघळे, देवमासे, कोकिळा, शिक्षक आणि विद्यार्थी यांच्या वागण्यावर बेतलेले. २०१५ साली अँटवर्पच्या केनेथ सोरेन्सेन यांनी या उपमांच्या पुराबद्दल कडक शब्दांत लिहिले. त्याआधी २०१० मध्ये डेनिस वेलँड यांनी, संगीतावर बेतलेली आणि पाण्याच्या जाळ्यांवरही वापरली गेलेली ‘हार्मनी सर्च’ ही पद्धत म्हणजे जुन्या जर्मन उत्क्रांती पद्धतीचाच एक विशेष प्रकार आहे, हे दाखवून दिले. अनेक नव्या पद्धती ज्या गणिती फलनांवर तपासल्या जातात त्यांचे उत्तर नेमके शून्याशी असते आणि पद्धतही आपसूक शून्याकडे ओढली जाते, हेही उघड झाले आहे. पदोन्नतीसाठी आणि पीएचडीसाठी शोधनिबंध मोजले जातात, तेव्हा तरुण प्राध्यापकांना दोष देण्यात अर्थ नाही. मला दुःख याचे होते की एवढी बुद्धी आणि एवढे श्रम शोधण्याच्या पद्धतीला नवे नाव देण्यात खर्ची पडतात. शोधायचे काय, हा प्रश्न मात्र जवळजवळ कुणाच्याच प्रबंधाचा विषय नसतो. आपल्याच जिल्ह्यातल्या एका नळयोजनेत दंडाचा आकडा बदलला तर कुठल्या वस्तीचा दाब किती बदलतो, यावर एक साधा प्रबंध निघाला तर तो दहा नव्या प्राण्यांपेक्षा उपयोगी पडेल.

आणि प्रत्येक ठिकाणी उत्क्रांतीची गरज असतेच असेही नाही. लहान गावांची जाळी बहुधा झाडाच्या फांद्यांसारखी फुटत गेलेली असतात, त्यांत फेरे नसतात. अशा जाळ्यात कुठल्या पाइपातून किती पाणी जाणार हे आधीच ठरलेले असते. मग व्यास निवडण्याचा प्रश्न सरळ रेषीय गणितात बसतो आणि खात्रीचे सर्वोत्तम उत्तर मिळते. आयआयटी मुंबईत ग्रामीण योजनांसाठी तयार झालेली ‘जलतंत्र’ ही प्रणाली याच वाटेने जाते. उत्क्रांती अल्गोरिदम दर वेळी थोडे वेगळे उत्तर देऊ शकतो आणि आपले उत्तर सर्वोत्तम आहे याची हमी देत नाही. जिथे हमी मिळते तिथे ती सोडू नये. जिथे फेरे आहेत, पंप आहेत, टप्प्याटप्प्याने वाढ आहे, आणि एकाच वेळी तीन-चार गोष्टी सांभाळायच्या आहेत, तिथे उत्क्रांतीला पर्याय नाही.

एकाच वेळी अनेक गोष्टी सांभाळणे हीच खरे तर या पद्धतीची सर्वांत मोठी देणगी आहे, आणि तिचा एक मोठा वाटा आपल्या देशात घडला आहे. आयआयटी कानपूरमध्ये कल्याणमय देब आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी विकसित केलेली एनएसजीए-२ ही पद्धत २००२ साली प्रसिद्ध झाली आणि आज ती जगात सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या पद्धतींपैकी एक आहे. ती एकच उत्तर देत नाही. खर्च आणि टोकाचा दाब या दोन गोष्टी दिल्या तर ती आराखड्यांची एक रांग देते. रांगेतला प्रत्येक आराखडा असा, की दाब वाढवायचा तर खर्च वाढवावाच लागेल आणि खर्च कमी करायचा तर दाब सोडावाच लागेल. आराखड्यांचा थवा एका वेळी सांभाळणे हा उत्क्रांतीचा मूळ धर्म असल्याने ही रांग तिला सहज जमते. आता या रांगेकडे बघा. सर्वांत स्वस्त आराखड्यापासून ३ टक्के खर्च वाढवला तर कदाचित वस्तीचा दाब ७ वरून १० होत असेल, किंवा ३ टक्क्यांत काहीच फरक पडत नसेल आणि १५ टक्के लागत असतील. प्रत्येक गावाचे चित्र वेगळे. पण ते चित्र समोर ठेवता येते, आणि त्यावर बोट ठेवून ‘आम्हाला हा आराखडा हवा’ असे म्हणता येते. आज ही रांग तयार झाली तरी सल्लागाराच्या संगणकात राहते. बाहेर येतो एकच आराखडा, त्यावर ‘इष्टतम’ असा शिक्का मारून. रांगेतला कुठला बिंदू निवडायचा हे गणित सांगत नाही, सांगूही शकत नाही.

हे लोकांना कळणार नाही, असा आक्षेप हमखास येतो. महाराष्ट्राचा अनुभव त्याच्या उलट आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली, तेव्हा पाणी कसे वाटायचे याचे नियम लोकांनी स्वीकारले: पाणी जमिनीच्या प्रमाणात नाही तर माणशी, एका माणसामागे अर्ध्या एकराचे, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचे. भूमिहीनालाही पाण्यावर हक्क. ऊस घ्यायचा नाही. हे नियम म्हणजे अभियंत्याच्या भाषेत उद्दिष्ट आणि अटीच होत, आणि त्या अतिशय नेमक्या होत्या. त्यातून उसाला नकार देणारी, स्वतःच्या हिताला कात्री लावणारी अट शेतकऱ्यांनी मान्य केली. ‘समन्यायी पाणीवाटप’ हा शब्द याच मातीतून राज्याच्या धोरणात गेला. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्यात खोऱ्यातल्या धरणांमध्ये तूट समान वाटण्याची तरतूद आहे, आणि जायकवाडीला वरच्या धरणांतून पाणी सोडण्याचा वाद तिच्यावरच लढला जातो. ज्या समाजाने माणशी अर्धा एकराचा हिशेब केला, त्याला ‘एवढे पैसे जास्त दिले तर टोकाच्या वस्तीला एवढा दाब’ हे कळणार नाही, असे म्हणणे बरोबर नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: निवड लोकांपुढे ठेवली तर बलवान गट आपल्याला सोयीचा बिंदू निवडेल, आणि टोकाची वस्ती पुन्हा हरेल. ही भीती खरी आहे. गावठाणाची मते जास्त असतात. म्हणून रांग समोर ठेवताना तिचे खालचे टोक आधीच कापलेले असावे. कुठल्याही वस्तीचा दाब किमान पातळीपेक्षा ठरावीक फरकाने वर असेल असेच आराखडे त्यात यावेत, आणि तो फरक राज्याने ठरवून द्यावा. मार्गदर्शिकेत ७ मीटर हा आकडा होता, पण गृहीतके चुकल्यावरही ७ उरतील का, हे कुणी विचारत नाही. अल्गोरिदमला हे विचारायला लावणे अवघड नाही. प्रत्येक आराखडा एकाच गृहीतकावर तपासण्याऐवजी पन्नास वेगवेगळ्या परिस्थितींत तपासायचा: मागणी जास्त, पाइप जुना, टाकी अर्धी, एक वाहिनी बंद. त्यांतल्या वाईट परिस्थितीत वस्तीला काय मिळते त्यावर गुण द्यायचे. संगणकाचा वेळ पन्नासपट लागेल. हल्लीच्या साध्या लॅपटॉपवर गावाच्या आकाराच्या जाळ्यासाठी तो परवडतो.

तिसरी गोष्ट आक्षेप म्हणून नाही तर सबब म्हणून पुढे येते: असे करण्याची पद्धत नाही. नासाने २००६ च्या मार्चमध्ये सोडलेल्या एसटी-५ मोहिमेच्या छोट्या उपग्रहांवर उत्क्रांतीने घडवलेला अँटेना होता, वाकवलेल्या तारेसारखा वेडावाकडा. उपग्रहांची नियोजित कक्षा मध्येच बदलली तेव्हा जुना अँटेना निरुपयोगी झाला. तिथल्या गटाने नव्या कक्षेची गरज नव्या निकषात लिहिली, अल्गोरिदम पुन्हा चालवला आणि महिन्याभराच्या आत नव्या अँटेनाचा नमुना हातात आला. गरज नेमकी लिहिली, बदलली तेव्हा पुन्हा लिहिली आणि पुन्हा शोधले, एवढीच ती पद्धत.

आपल्याकडे जागा तयार आहे. जलजीवन मिशनमध्ये गाव कृती आराखडा ग्रामसभेपुढे जातो. तिथे माणशी ५५ लिटरचा आकडा सांगितला जातो, टाकीची जागा सांगितली जाते, लोकवर्गणी सांगितली जाते. त्याच कागदावर एक तक्ता जोडावा: तीन आराखडे, प्रत्येकाचा खर्च, आणि प्रत्येक वस्तीचा साध्या व वाईट दिवसाचा दाब, वस्तीच्या नावानिशी. ग्रामसभेने कुठला निवडला आणि का, हे इतिवृत्तात लिहावे. तांत्रिक मान्यता देणाऱ्या कार्यालयाने तो तक्ता आणि दंडाचा आकडा नसलेला प्रस्ताव परत पाठवावा.

आणि निविदेच्या कागदपत्रांबरोबर एपानेटची मूळ फाइल प्रसिद्ध करावी. ती साध्या मजकुराची असते, एपानेट फुकट मिळते, आणि प्रत्येक पाइपाचा व्यास, प्रत्येक ठिकाणाची उंची आणि धरलेली मागणी तिच्यात ओळीने लिहिलेली असते. जिल्ह्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातला तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी ती उघडून, टाकीची पातळी अर्धा मीटर खाली करून, वस्तीला काय उरते ते एका दुपारी सांगू शकेल. काम सुरू होण्यापूर्वी त्याने ते सांगितले तर पाइप बदलायला अजून वेळ असेल.